फ्लॅट रेट की रिड्यूसिंग, तेवढं आधी विचारा

गाडीच्या लोनवरच्या या लेखात लिहिलंय पहिल्यांदा लोन घेणाऱ्या पोरांनी सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) नाही म्हणून घाबरू नये, बरोबर आहे, पण खरी मेख व्याजात असते बघा, फ्लॅट म्हणजे सगळ्या रकमेवर शेवटपर्यंत व्याज, रिड्यूसिंग म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच. मी बेळगावच्या उद्यमबागला सीएनसी मशीनवर कामाला, वय २३, आधी कसलंच कर्ज नाही म्हणून सिबिल मायनस १, बँकेतल्या साहेबांनी पगाराच्या स्लिपा उलटसुलट बघितल्या आणि वडलांना को-ॲप्लिकंट (सहअर्जदार) करून आणा म्हणाले. मग गाडीवाल्या एजंटनंच एका फायनान्सवाल्याकडं नेलं, तो म्हणे फक्त ९ टक्के! मी खूश. कॅन्टीनमध्ये चहा पिताना आमच्या अकाउंटंट काकांनी बिलाच्या पाठीमागं हिशेब करून दाखवला, ३ लाख, ४ वर्षं, ९ टक्के फ्लॅट म्हणजे १ लाख ८ हजार व्याज, हप्ता ८५००, आणि रिड्यूसिंगनं धरलं तर हे जवळपास १६ टक्के पडतं. डोकंच फिरलं. शेवटी वडलांची सही घेऊन बँकेतनंच काढलं.

अजून एक, आपल्याकडची पोरं कोल्हापूरची एमएच ०९ गाडी स्वस्त मिळते म्हणून उड्या मारतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला (फॉर्म २८) आणि इकडं बेळगावचा केए २२ नंबर करताना भरायचा लाइफटाइम टॅक्स कोण धरतंय हिशेबात? आणि जुन्या मालकाचं लोन असेल तर आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका, माझ्या मित्राचे २० हजार अजून अडकलेत.