पाळीहून आलेत, कडी वाजवू नये

रविवारी माहेरी, कळव्याला गेले. पावणेदोन वाजलेले आणि बाबा खुर्चीत ताठ बसलेले. डोळे लाल, हातात चहाचा दुसरा कप. जेवण झालं की तोंडावर पेपर टाकून पंचवीस मिनिटं आडवं व्हायचं, हे आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळापेक्षा पक्कं. "झोपला नाहीत?" म्हटलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवरून आलेला मेसेज: ‘दुपारी झोपणाऱ्यांनो, सावधान!’

मजकूर थोडक्यात असा. चरकाने दिवसाची झोप सर्वांना निषिद्ध सांगितली आहे. नोबेल मिळालेल्या जपानी शास्त्रज्ञाने दुपारच्या झोपेने पेशी सडतात हे सिद्ध केलं आहे. दुपारी झोपलं की रक्त घट्ट होऊन अटॅक येतो. रात्रीची झोप उडते. एडिसन चारच तास झोपायचा. आणि शेवटी, ‘रात्रपाळी करणाऱ्यांनीही दिवसा झोपू नये, गरम लिंबूपाणी घेऊन जागे राहावे, 21 दिवसांत शरीराला सवय होते.’ खाली अर्थातच दहा जणांना पाठवा.

"म्हणजे मी एकतीस वर्षं उलटंच वागलो की काय गं?" बाबा म्हणाले. तिथे माझं डोकं फिरलं. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, क्रम गेला खड्ड्यात.

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते. पहिली, दुसरी, तिसरी, दर आठवड्याला पाळी बदलायची. तिसरी करून आठला घरी यायचे, आंघोळ, दोन पोळ्या आणि झोप. आमची एकच खोली आणि स्वयंपाकघर. आई खिडकीला जुनी नऊवारी दुहेरी करून लावायची. कुकर बाबा यायच्या आत उतरलेला असायचा, शिटी नको म्हणून. दाराबाहेर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलेलं असायचं: ‘पाळीहून आलेत. कडी वाजवू नये.’ म्हावरं घेऊन येणाऱ्या मावशींना वाचता येत नव्हतं, पण ते पान दिसलं की त्या हाक न मारता नुसती टोपली खाली ठेवायच्या. मागून लोकल धडधडत जायची त्याने बाबा हलायचे नाहीत. माझ्या हातून चमचा पडला की मात्र उठून बसायचे.

त्या झोपेवर आमचं घर चाललं. ती काढून घ्या म्हणणाऱ्याने एकदा तरी रात्रपाळी केली आहे का?

आता 21 दिवस. शरीरातलं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. रात्रभर जागून माणूस सकाळी बाहेर पडला की ऊन डोळ्यांवर येतं आणि घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढलं जातं. म्हणूनच वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांचीही दिवसाची झोप तोकडी आणि सावध असते. शिवाय ज्याची पाळी सातव्या दिवशी बदलते त्याने 21 दिवस आणायचे कुठून? रात्रपाळी वाईट आहे हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली. पण अपराध रात्रीच्या जागरणाचा आणि शिक्षा दिवसाच्या झोपेला, हा कुठला न्याय? वाशीच्या मार्केटात रात्री भाजीच्या गाड्या उतरवणारे माथाडी, महापे-ऐरोलीतली कॉल सेंटरची पोरं, नर्सेस, वॉचमन या सगळ्यांना तुम्ही लिंबूपाणी पाजणार? व्हॉल्व्हसमोर झापड आली तर लिंबू कामाला येत नाही.

चरकाचं नाव घेतलंय तर चरकच उघडू. त्याच्या संहितेतलं सूत्रस्थान, अध्याय 21. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपल्याने कफ-पित्त वाढतं, असं तिथे आहे. लठ्ठ माणसांनी, रोज तूप-तेल भरपूर खाणाऱ्यांनी, कफाच्या रोग्यांनी दिवसा कधीच झोपू नये, हेही आहे. तेवढं मान्य. पण मेसेजवाल्याने त्याच अध्यायातली दुसरी यादी सोयीस्करपणे गिळली. कोणी दिवसा झोपावं, तेही सर्व ऋतूंत? म्हातारे, लहान मुलं, आजारी, ओझी वाहून, चालून, काम करून दमलेले, राग-शोक-भयाने थकलेले. आणि मग हे शब्द: ‘क्लान्ता यानप्रजागरैः’, म्हणजे प्रवासाने आणि जागरणाने दमलेले. (यान म्हणजे सकाळची फास्ट लोकलही धरायला हरकत नसावी.) शेवटी ‘दिवास्वप्नोचिताश्च ये’, ज्यांना दिवसा झोपायची सवयच आहे ते. वय, जागरण, सवय, बाबा तिन्ही खणांत बसतात. आयुर्वेदाचाच दुसरा ग्रंथकार वाग्भट तर सरळ हिशोब देतो: सवय नसताना जागरण घडलं तर जितकं जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपा, आणि न जेवता. बाबांच्या दोन पोळ्यांवर त्याचा आक्षेप असेल, झोपेवर नाही.

जपानी शास्त्रज्ञ म्हणजे योशिनोरी ओसुमी असणार. 2016 चं नोबेल, पेशी स्वतःचाच टाकाऊ भाग कसा पचवते आणि पुन्हा वापरते त्याबद्दल. गाजलेलं काम केलं यीस्टवर, म्हणजे पाव फुगवतं तेच. यीस्ट दुपारी झोपत नाही, तेव्हा पेशी सडण्याचा हा शोध मेसेजवाल्याच्या पदरचा.

रक्त घट्ट वगैरेवर वेळ घालवत नाही. हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण सकाळच्या तासांत जास्त असतं, मग सकाळी उठायचं सोडायचं का? एडिसनच्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत, त्याच्या ग्रंथालयात खाट ठेवलेली आहे. ती कशाला, हे चार तासवाल्यांनी सांगावं.

राहता राहिली रात्रीची झोप. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करते. चार वाजता दीड तास ताणून दिली की रात्री कूस बदलत बसावं लागतं, आणि उठल्यावर डोकंही जड. रोज दुपारी तासाच्या वर झोपणाऱ्यांत मधुमेह जास्त दिसतो, असेही अभ्यास आहेत. पण झोपेमुळे मधुमेह की आजारामुळे झोप, हे त्यातून ठरत नाही. रात्रभर घोरून मध्येच श्वास अडकणारा माणूस दिवसा पेंगतोच, त्याला डॉक्टरकडे न्यायचं की मेसेज पाठवायचा? आणि पंचवीस मिनिटांचं म्हणाल तर नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना 40 मिनिटांची सुट्टी देऊन पाहिलं. ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. बाबांचा आकडा कुणी न शिकवता तिथेच येऊन थांबलाय.

हे सगळं वाचून दाखवलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "मी पुढे पाठवला गं तो. अकरा जणांना." त्यातले सहा त्यांच्याच प्लान्टचे, तिसरी पाळीवाले. आता त्या अकरांना हे पाठवायचंय, पण बाबांचा मोबाइल त्यांच्या उशाखाली आहे आणि आत्ता दोन वाजलेत. अडीचनंतर बघू.