ग्राइंडरचा सातबारा

काल संध्याकाळी कट्ट्यावर मिस्त्री लोखंड कापायचा-घासायचा जुना चार इंची ग्राइंडर उघडून बसले होते. पिंट्या उभ्याउभ्याच बोलला, "काऊन बाप्पा, हे मढं अजून जाळलं नाही? मोबाइलवर दीड हजारात नवा भेटते. घरपोच."

"मांगच्या पोळ्याले आनला होता ना तू घरपोच. कुठी हाय तो?"

पिंट्या गप्प. त्या ग्राइंडरचं आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा गाभा, महिनाभरात जळालं, पार्ट कुठंच भेटला नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

मिस्त्रींनी दोन्ही कार्बन, फिरत्या गाभ्याला करंट पोचवणारे ते छोटे तुकडे, तळहातावर धरले. एक नखाएवढा उरलेला, दुसरा तिरपा घासलेला. "कार्बन सरला का ठिनग्या मारते, मंग ज्या तांब्याच्या कड्यावर तो घासते, ते कम्युटेटर काळं पडते. जोडी टाकायचा कंटाळा, म्हनून मशीन भंगारात! फिल्ड, म्हंजे बाहेरची कॉइल, अन् आर्मेचर दोन्ही जळाले तं मीच म्हनतो, फेका." मग ६०८ नंबरचं बेरिंग बोटावर फिरवून कानाशी नेलं. खरखर मलाही ऐकू आली.

मास्तर रिटायर झाले, तास घेणं काही सुटलं नाही. "मिस्त्री, प्रत्येक वस्तूला आयुर्मर्यादा असते. विज्ञान पुढे जातं. केवळ भावनेपोटी..."

"मास्तर, तुमच्या गुडघ्याची वाटी घासली, तं डाक्टरनं वाटीच बदलली ना? का मास्तरच नवा आनला?"

"आमची मंडळी म्हणते, तेच बरं झालं असतं," मास्तरच आधी हसले.

मी मध्येच दुरुस्तीच्या हक्काचं काढलं, म्हणजे घेतलेली वस्तू फेकून न देता दुरुस्त करता यावी, तिचे पार्ट भेटावे. २०२२ साली ग्राहक व्यवहार विभागानं समिती नेमली ना. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या...

"अन् ग्राइंडर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तो... कशात बसतो पाहावं लागेल."

"म्हंजे माह्या ग्राइंडरचा सातबारा कोनाच्याच नावानं नाही म्हना!"

"सातबाऱ्यावरून आठवलं," मिस्त्री पिंट्याकडे वळले, "दोन वर्सं झाली, माही ड्रिल तुह्या घरी हाय. तिच्यावर तुहं नाव चढलं का आता?"

"आनतो ना काका. तिचा कार्बन सरला."

"मंग नवी घे ना लेका, घरपोच!"

हसण्यातच मिस्त्रींनी नवे कार्बन बसवले, स्क्रू आवळले, पिन बोर्डात खुपसली अन् बटन दाबलं. नुसता खट् आवाज.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" मास्तर काठी टेकत उठलेच.

"बसा मास्तर," चहावाला अंधारातून ओरडला, "लाइन गेली."