संशयित: रोलो टोमासी, रा. माहीत नाही

मंगळवारी संध्याकाळी बसमधून उतरताना माझा फोन गेला. शर्टाच्या वरच्या खिशात होता, दाराशी तिघांनी मिळून मला अगदी हातभार लावून खाली उतरवलं आणि बस सुटल्यावर खिसा हलका लागला. बायको म्हणाली, "वरच्या खिशात ठेवू नका, हजारदा सांगितलंय." तपासाच्या दृष्टीने या वाक्याला महत्त्व नाही, पण नोंद असावी.

जुन्या नंबरचं सिम परत मिळवायचं तर पोलिसांचा कागद आणा, असं मोबाइल कंपनीवाले म्हणाले. म्हणून बुधवारी सकाळी चौकीत गेलो. टेबलाशी एक हवालदार बसले होते. चष्मा कपाळावर, पुढ्यात कार्बन पेपर, आणि निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिल्याची शांतता चेहऱ्यावर.

"बोला काका."

माझं वय बावन्न. त्यांचं किमान छप्पन. हा 'काका' मला अजून पचलेला नाही. मी मात्र त्यांना 'साहेब' म्हणालो. चौकीत सगळेच साहेब असतात, फक्त खरे साहेब तेवढे राउंडला गेलेले असतात.

"साहेब, फोन चोरीला गेला."

"गहाळ झाला."

"गहाळ नाही हो. चोरला."

"चोरताना बघितलात?"

"बघितलं असतं तर चोरू दिला असता का?"

"मग गहाळ." असं म्हणून त्यांनी कार्बन लावला.

मराठीत 'गहाळ'सारखा सोयीचा शब्द दुसरा नसेल. 'चोरी' म्हटलं की कुठेतरी एक चोर असावा लागतो. 'गहाळ'मध्ये फक्त मी असतो, वेंधळा. चोरी लिहिली तर कलम ३०३ लागतं, गुन्हा दाखल होतो, तपास लागतो, महिन्याचा आकडा फुगतो. गहाळ लिहिलं की शिक्का मारायचा आणि माणूस घरी पाठवायचा. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, सगळी कलमं बदलली, जुन्या ३७९चं ३०३ झालं, पण 'गहाळ'ला कुणी हात लावलेला नाही.

"कुणावर संशय?" त्यांनी सवयीने विचारलं.

मला राग आला की माझ्या तोंडून शिव्यांऐवजी सिनेमे बाहेर पडतात. मी म्हणालो, "रोलो टोमासी."

आणि हवालदारांनी लिहायला घेतलं.

"रोलो... लो ला मात्रा का?"

"मात्रा."

"टोमासी. ट टमाट्यातला?"

"टमाट्यातला."

"ख्रिश्चन का? वसईकडचा?"

"इटालियन असावा."

त्यांचं पेन थांबलं. "फॉरेनर आहे? मग पासपोर्ट नंबर लागेल. आणि तो कागद इथे नाही होत." बाकावर एक गृहस्थ गहाळ पासबुकासाठी बसले होते. ते तत्परतेने म्हणाले, "रोलो म्हणजे तो मोबाइल रिपेअरवाला का हो? कोपऱ्यावरचा?" कोपऱ्यावरच्या त्या निष्पाप माणसाचं काय होणार या विचाराने मला घाम फुटला. मी कबूल केलं की रोलो टोमासी नावाचं कुणी नाही, ते एका सिनेमातलं आहे.

हवालदारांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "पोलिसांना खोटी माहिती दिली तर २१७ लागतं, माहीत आहे?" म्हणजे ३०३साठी जागचं हलायचं नाही, २१७ मात्र तोंडपाठ. मग जरा नरमून म्हणाले, "कुठला सिनेमा?"

लाइट गेली होती, कॉम्प्युटर बंद होता आणि शिक्का खऱ्या साहेबांच्या कपाटात होता. मी सांगायला लागलो.

(ज्यांनी 'एलए कॉन्फिडेन्शियल' पाहिलेला नाही त्यांनी इथून पुढे वाचू नये. मात्र सिनेमा १९९७चा आहे, तेव्हा तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.)

लॉस एंजेलिस, १९५३च्या आसपासचं. ऊन, माडासारखी झाडं, सिनेमातल्या नट्या, आणि त्या उन्हातच सगळी घाण. गुन्ह्याच्या सिनेमात अंधार आणि पाऊस लागतो म्हणतात. इथे बराचसा काळोख भर दुपारी, इस्त्रीच्या कोटात फिरतो. त्यात तीन पोलीस. एड एक्सली हा चष्मेवाला, नियमाचं बोट न सोडणारा, वर चढायला टपलेला. बड व्हाइट हा हात आधी, प्रश्न नंतर. जॅक व्हिन्सेन्स टीव्हीच्या पोलिसी मालिकेचा सल्लागार. एका भानगडी छापणाऱ्या मासिकवाल्याकडून पैसे घेऊन नटांना गांजासकट पकडणारा, फोटोग्राफर तयार ठेवून.

"फोटो पहिल्या पानावर यायचा का?" हवालदारांनी विचारलं. यायचा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मत्सर होता की नापसंती, कळलं नाही.

मी नाताळचा प्रसंग सांगितला. दारू प्यायलेले पोलीस कोठडीतल्या कैद्यांना बडवतात. १९५१च्या नाताळात लॉस एंजेलिसमध्ये हे खरंच घडलं होतं. आणि मग एक्सली आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष देतो, बढती घेऊन.

"संपला," हवालदार म्हणाले. "त्याला कँटीनमध्ये चहासुद्धा मिळाला नसेल."

बड व्हाइट बायकोला मारणाऱ्या एका माणसाच्या छपरावरची सांताक्लॉजची सजावट ओढून पाडतो आणि त्याला बाहेर काढून बदडतो, हे त्यांना आवडलं. पण लगेच शंका आली. "सांता पाडला त्याचा पंचनामा केला का?" नाही म्हटलं. "बघा," ते पासबुकवाल्याला म्हणाले. पासबुकवाल्यानेही बघितलं.

मग आलो रोलो टोमासीवर. एक्सलीचा बापही पोलीस. ड्यूटीवर नसताना एका पर्स हिसकावणाऱ्याच्या आडवा गेला आणि त्या चोराने त्याला गोळ्या घातल्या. चोर कोण, कुणालाच कळलं नाही. एक्सलीने त्याला मनातल्या मनात नाव दिलं, रोलो टोमासी: जो सुटतो तो. हे तो फक्त व्हिन्सेन्सला सांगतो आणि विचारतो, तू पोलीस का झालास? व्हिन्सेन्सला आठवत नाही.

इथे मला राहवलं नाही. "साहेब, तुम्ही का झालात?"

"भरती निघाली होती," ते म्हणाले. "उंची बसली."

बाकावरचा माणूस हसला. हवालदार नाही हसले. मीही नाही.

असो. माझा अभिमानाचा मुद्दा पुढे होता. १९९९ साली मी हा सिनेमा भाड्याच्या व्हीसीडीवर पाहिला. दोन सीड्या, त्यातली दुसरी ओरखडलेली. तेव्हा खरा गुन्हेगार कोण हे मला तो उघडा पडतो त्या प्रसंगापर्यंत ओळखता आलं नव्हतं. कॅप्टन डडली स्मिथ, तिघांचा साहेब, प्रेमळ, वडीलधारा, सगळ्यांना पोरा-पोरा म्हणणारा. त्या जेम्स क्रॉमवेलला मी आधी पाहिला होता तो डुकराच्या पिल्लाला जीव लावणारा शेतकरी म्हणून, १९९५च्या एका सिनेमात. डुकराला पाजणारा माणूस कुणाचा जीव घेईल असं वाटतं का? त्यानंतर मी तो प्रसंग किमान पंधरा जणांना दाखवला आहे आणि पंधराही जण खुर्चीतून उडाले आहेत. हा माझ्या आयुष्यातल्या थोडक्या यशस्वी प्रयोगांपैकी एक.

मी आवाज खाली आणला. "तर व्हिन्सेन्सला धागा सापडतो. रात्री तो एकटाच कॅप्टनच्या घरी जातो. कॅप्टनची बायको आणि मुली बाहेरगावी—"

"मारला," हवालदार म्हणाले.

"अं?"

"कॅप्टनने मारला त्याला. विचारलं असेल, हे आणखी कुणाला बोललास का?"

विचारलं होतं. नेमकं तेच विचारलं होतं.

"साहेब जेव्हा विचारतो ना, कुणाला बोललास का, तेव्हा सांगायचं असतं की साहेब, अख्ख्या चौकीला माहीत आहे. हे पहिल्या वर्षी कळतं." आणि त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला.

त्या क्षणी मला फोनपेक्षा जास्त वाईट वाटलं. नऊ नामांकनं मिळवणाऱ्या सिनेमाची, ऑस्करमध्ये सर्वोत्तम रूपांतरित पटकथेचं बक्षीस 'टायटॅनिक'च्या अकरा बक्षिसांच्या पुरातही वाचवणारी पटकथा या माणसाने खुर्चीतून न उठता, कार्बन न काढता उकलली. एवढं डोकं! आणि माझा फोन काल संध्याकाळी सहा वाजता, माहीत असलेल्या मार्गावर, माहीत असलेल्या थांब्यावर गेला, तिथे दारातल्या तिघांचा धंदाच तो आहे हे कंडक्टरलाही ठाऊक आहे, तो मात्र गहाळ.

मी हे बोललोसुद्धा, जरा चढ्या आवाजात. सिनेमातल्या त्या तिघा पोलिसांपैकी एकालाही मी घरी जेवायला बोलावणार नाही, म्हणालो. एक चढेल, एक राकट, एक विकाऊ. तरी तो सिनेमा मी पुन्हा पुन्हा का बघतो, तर शेवटी तिघंही उठतात. प्रत्येकाचं कारण वेगळं, एकाचंही कारण स्वच्छ नाही, पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो. मला निष्कलंक पोलीस नको, साहेब. मला उठणारा चालेल. तुम्ही त्या थांब्यापर्यंत चला, मी रिक्षाचे पैसे देतो.

बोललो आणि लगेच ओशाळलो. चौकीत त्या वेळी ते एकटे होते. बंदोबस्ताला बाकीचे गेलेले, फोन दर मिनिटाला वाजत होता, पंखा बंद. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"शेवटी त्या कॅप्टनचं काय झालं?"

"एक्सली त्याला पाठीत गोळी घालतो. मग वरचे लोक बसून ठरवतात की कॅप्टनला कर्तव्य बजावताना वीरमरण आलं. एक्सलीला पदक."

हवालदार पहिल्यांदाच मनापासून हसले. पोट हलेपर्यंत. "म्हणजे त्यांनीही गहाळच लिहिलं की!"

लाइट आली. अर्ज पूर्ण झाला. शेवटची ओळ त्यांनी मला माझ्या हाताने लिहायला लावली: 'माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.' मी 'नाही' जरा बारीक अक्षरात लिहिलं. "ठळक काढा काका," ते म्हणाले. ठळक काढलं. समोरच्या दुकानातून दोन झेरॉक्स आणल्या. संशयिताच्या रकान्यातला रोलो टोमासी त्यांनी एक सरळ रेघ मारून खोडला, शेजारी छोटी सही केली.

निघताना त्यांनी हाक मारली. "सिनेमाचं नाव लिहून द्या. नात लावून देईल." मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांनी ती वाचली, खण ओढला आणि माझ्या अर्जाच्या वर ठेवून खण बंद केला.