डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ हवी होती

आईला पक्षाघात झाला तेव्हा आम्ही १९ दिवस हॉस्पिटलात होतो. निघताना हातात जाडजूड फाइल मिळाली. गोळ्यांच्या वेळा, पथ्य, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं होतं. तिला रात्री कुशीवर कोण वळवणार, कसं वळवणार, आणि वळवणाऱ्याची पाठ गेली तर त्याने कुणाकडे जायचं, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

पुढचे पाच महिने मी आईला काखेत हात घालून ओढत होते. लुळ्या बाजूचा हात किंवा खांदा असा कधीच ओढायचा नसतो, सांधा निसटू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मग एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या. त्यांनी दाखवलं: पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे, आणि आपला भार मागे टाकत तिला हळूच आपल्याकडे वळवायचं. आई अलगद वळली. दहा मिनिटांचं शिकणं होतं हो! मी तिथेच रडायला लागले.

मला राग येतो तो याचा. मदत लांब नव्हती. त्याच हॉस्पिटलात, एक मजला खाली, वैद्यकीय समाजसेवकांची खोली होती. फिजिओथेरपिस्ट कुठे मिळेल, कमोडची खुर्ची, वॉकर, एअर बेड वापरून परत करायच्या बोलीवर कोण देतं, हे त्यांना माहीत होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. रुग्णाबद्दल विचारायचं असतं, स्वतःबद्दल कसं विचारायचं, असं वाटत राहिलं.

पण घरी रुग्णाचं करणारं माणूसही झिजतं, आणि हे नुसतं म्हणायला नाही. १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांचं करणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम एक बारीकशी जखम केली, आणि तशीच जखम असं काम नसलेल्या बायकांनाही. करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हे वाचलं त्या दिवशी मी स्वतःला आळशी म्हणणं बंद केलं.

दुसरा अभ्यास २००६ चा. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराचं करणाऱ्यांना समुपदेशन दिलं, सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवून बोलतं केलं, आधारगटात जोडून दिलं आणि अडेल तेव्हा फोनवर सल्ल्याची सोय ठेवली. त्यांच्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवायची वेळ सुमारे दीड वर्ष पुढे गेली. म्हणजे करणाऱ्याला आधार देणं म्हणजे रुग्णासाठीच काही करणं आहे. तरी आपण ते उपकारासारखं मागतो.

मदत शोधायची कशी, तर आजाराच्या नावाने शोधा. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, कॅन्सर, बहुतेकांच्या रुग्णसंघटना असतात आणि त्यांच्या बैठकांना घरच्यांनीही जायचं असतं. जवळचे डॉक्टर, दीर्घ आजाराच्या रुग्णांना घरी येऊन पाहणाऱ्या नर्सही पत्ते देतात. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी सेवा, हे नाव ऐकून दचकू नका. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते, गंभीर आजारात कधीही मागता येते आणि घरच्यांना सांभाळणं हा तिचाच भाग आहे. रुग्णाला दिवसभर किंवा काही दिवस ठेवून घेणारी सोय असेल तर तीही आधीच बघून या. अगदी मोडून पडल्यावर शोधायला त्राण राहत नाही.

आणि "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना खरंच सांगा. मी कितीतरी महिने "नाही नाही, चाललंय" म्हणत होते. मग एकदा शेजारच्या मावशींना नेमकं सांगितलं: बुधवारी चार ते सहा तुम्ही आईजवळ बसाल का? त्या लगेच हो म्हणाल्या, जणू विचारायचीच वाट बघत होत्या. लांब राहणाऱ्या भावाकडे बिलं, औषधांची मागणी आणि सगळ्या नातेवाइकांचे फोन दिले. तेही त्याने मनापासून घेतलं.

परवाच्या बुधवारी मी पूर्ण दोन तास झोपले. उठून बघते तर आई दुसऱ्या कुशीवर, पाठीला उशी, लुळा हात नीट उशीवर ठेवलेला. मावशींनी वळवलं होतं. एकट्यांनी.