‘सेट’ काही केल्या बसत नाही

इंग्रजी शिकणाऱ्याला आडवं पाडायला लांबलचक शब्द लागत नाहीत, ‘सेट’ पुरतो. १९८९च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत आणि ते समजावण्यात सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडलेत. तेवढ्यात आपल्याकडे कादंबरी होते, वर प्रस्तावनाही मावते.

मला विचाराल तर पाठांतराच्या फंदात पडूच नये. ‘सेट’ हा मुळात ‘सिट’चा प्रयोजक: बसणे, बसवणे. डॉक्टर हाड बसवतात, सोनार कोंदणात हिरा बसवतो, दोन्हीकडे सेट. गणपती मात्र सेट होत नाही, इंग्रजी पेपरात तो सॉफ्टवेअरसारखा इन्स्टॉल होतो.

‘बसवणे’ बसेना की ‘लावणे’ लावून बघायचं. गजर लावला, सापळा लावला, आग लावली, कवितेला चाल लावली, माणसं कामाला लावली, सगळीकडे सेट. दही लागलं तेही सेटच. पण दिवा लावायला जाऊन ‘सेट द लॅम्प ऑन द टेबल’ म्हणालात, तर दिवा टेबलावर ठेवला जाईल आणि अंधार तसाच राहील.

भूतकाळातही हा गडी बदलत नाही. ‘दे सेट द टेबल’ म्हणजे पानं रोज घेतात की काल घेतली, देव जाणे. ‘ही सेट’ असेल तर काल. रोजचं असतं तर ‘ही सेट्स’ झालं असतं. सगळी भिस्त शेवटच्या ‘स’वर, आणि बोलताना आपण नेमका तोच गिळतो.

खरी परीक्षा ‘सेट ऑफ’ची. पुढे कर्म नसेल तर माणूस प्रवासाला निघाला. पुढे फटाका असेल तर तो उडवला. हिरव्या काठाने पिवळी साडी सेट ऑफ केली म्हणजे ती खुलवली. आणि पुढे ‘अगेन्स्ट’ दिसलं की तोटा नफ्यातून वजा केला. हा अर्थ सी.ए.ची फी भरल्यावर आपोआप पाठ होतो. ‘सेट इन’ त्या मानाने सरळ: थंडी, पाऊस, कुजणं असलं नकोसं काही येऊन ठाण मांडतं. पाहुण्यांना मात्र ते लावू नये, कितीही दिवस राहिले तरी.

दागिन्यांचा सेट किंवा गणितातला संच इथे ओढू नका. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘सेक्टा’त, दोन वेगळ्या घराण्यांचे शब्द एकाच स्पेलिंगमध्ये भाडेकरू म्हणून राहतात. महाराष्ट्र-गोव्यातली प्राध्यापकीची सेट परीक्षा तर नुसती आद्याक्षरं.

आणि आपला लाडका ‘मुलगा सेट झाला’? नोकरी, फ्लॅट, लग्न, सगळं त्यात आलं. इंग्रजीत ‘ही इज ऑल सेट’ म्हटलं तर तो फक्त तयार होऊन दाराशी उभा आहे. आणि चुकून ‘ही हॅज सेट’ म्हणालात तर मुलगा जेलीसारखा थिजला.