रविवार सार्थकी लावण्याचा स्वस्त उपाय

रविवारी दुपारी जेवून ताणून देता येतं, संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर वारा खाता येतो, हे सगळं मान्य. पण असली सुखं काय, कुणालाही मिळतात. तुम्हाला स्वतःची लायकी तपासायची असेल तर एक आर्डुइनो नॅनो मागवा, म्हणजे आपला प्रोग्राम टाकून चालवायचा छोटासा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. खरा नको, त्याचा नकली चुलतभाऊ. अडीचशेवाला.

निमित्त काहीही चालतं. माझं निमित्त गच्चीवरची टाकी. मोटर लावून विसरायचं आणि शेजारच्या काकूंनी ‘अहो, पाणी!’ म्हणून ओरडायचं, हा आमचा विश्रामबागेतला रोजचा कार्यक्रम. म्हटलं एक सेन्सर, एक बझर, पन्नास ओळींचा प्रोग्राम, तासाभराचं काम. ‘तासाभराचं काम’ हे शब्द घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं उच्चारा. पुढे वर्षभर घरच्यांना ते तुम्हाला ऐकवता येतात.

पाकिटातून बोर्ड वेगळा आणि पिना वेगळ्या निघतील. सोल्डरिंग येत नसेल तर पिना भोकांत खुपसा आणि बोटानं दाबून धरा. हात थरथरला नाही तर चालतंय.

केबल कुठलीही घ्या. मोबाइलच्या चार्जरची असेल तर उत्तम. तिच्यात बरेचदा वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतात, त्यामुळे बोर्डाचा दिवा पेटतो आणि कॉम्प्युटरला मात्र काही दिसत नाही. गणपती पेठेत जाऊन डेटा केबल मागा. ‘साहेब, केबल ती केबल,’ असं उत्तर मिळेल. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावलीत तर बहुतेक दिवासुद्धा पेटणार नाही, कारण तिथे लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बनवणाऱ्यानं वाचवलेले असतात. पैशांत मोजायची वस्तू, पण बचत ती बचत.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरत असाल तर आधी अभिनंदन. तुमचा बोर्ड हे अंधांसाठीचं ब्रेल यंत्र आहे अशी तिची समजूत होते आणि पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलायची वाट, डोळ्यांदेखत गायब होतो.

मग ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला बोर्डावरची यूएसबीची चिप ओळखायला लावणारा प्रोग्राम. मूळ नॅनोवर ती चिप एफटीडीआय कंपनीची असायची, आपल्यावर सीएच३४० नावाची स्वस्तातली. याला मी नावं ठेवणार नाही. २०१४ साली एफटीडीआयनं विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला होता की नकली चिप ओळखून तो तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. आरडाओरडा झाला तेव्हा मागे घेतला. त्या मानानं सीएच३४० गरीब बिचारी. फक्त ड्रायव्हर शोधायचा, टाकायचा, मशीन परत चालू करायचं, चाललं नाही की काढायचा, जुना टाकायचा. चहा होतो तेवढ्यात. माझे तीन झाले.

आणि आता पोर्ट दिसला! प्रोग्राम बोर्डात पाठवायचं अपलोडचं बटण दाबा. ‘नॉट इन सिंक’, म्हणजे दोघांचा मेळ बसत नाही. दहा प्रयत्नांपैकी पहिला, दहांपैकी दुसरा, असं ते स्वतःच मोजत जातं, लिलाव पुकारल्यासारखं. पोर्ट बदला. केबल बदला. भाच्याला फोन लावा. तो इंजिनिअरिंगला आहे. ‘मामा, माझं तर पहिल्या झटक्यात चाललं,’ एवढं सांगून तो फोन ठेवेल. बोर्डाला शिव्या द्या, मग बायकोवर उगाच खेकसा. दुपारचे दोन वाजले असतील तर पाच वाजू द्या. मग आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या मेन्यूत, प्रोसेसरच्या आत, एका कोपऱ्यात तीन पर्याय सापडतील आणि त्यातला एक ‘ओल्ड बूटलोडर’. बूटलोडर म्हणजे बोर्डात आधीच भरलेला, आपला प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम. जुना ५७६०० च्या वेगानं बोलतो, नवा ११५२०० च्या. मी नव्या वेगानं विचारत होतो आणि तो जुन्या वेगानं ऐकत होता. तीन तास! एवढ्यासाठी तीन तास!

बोर्ड गेल्या आठवड्यात आला होता, बरं का. कोरा करकरीत. आत माल जुना. जाहिरातीत मात्र ‘१०० टक्के कंपॅटिबल’.

आपल्या मार्केट यार्डात हळद घेताना कांडी मोडून आतला रंग बघता येतो. ही चिप काय मोडून बघू? आपल्या भडंगाच्या पुडीवरसुद्धा आत काय आहे आणि कधी भरलंय ते छापलेलं असतं. या बोर्डाच्या पाकिटावर काय होतं? काही नाही. पारदर्शक पिशवी आणि एक बारकोड.

नक्कल केली म्हणून माझी तक्रार नाही. आर्डुइनोचा आराखडा खुला आहे, इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ साली तो निघाला तोच मुळी इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसाला जमावं म्हणून. स्वस्त विकता, चांगलं करता. पण अरे, दोन ओळींची चिठ्ठी टाकायला काय होतं तुम्हाला? चिप सीएच३४०, बूटलोडर जुना, केबल डेटाची लावा. संपलं! तुम्हाला हे माहीत असतं. रोज शंभर गिऱ्हाईकं हेच विचारत असणार, तरी तुम्ही लिहीत नाही, कारण वैतागून माणूस दुसरा बोर्ड मागवतो. मीही मागवला होता, चार वाजता. नववीतलं पोर साठवलेल्या पैशांतून हे घेतं, ‘नॉट इन सिंक’ बघतं आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून डबा माळ्यावर टाकतं. लाज वाटू द्या जरा.

आणि भाच्या, तूसुद्धा. पहिल्या झटक्यात चाललं म्हणे! कुठला पर्याय निवडला होतास ते सांगायला तोंड दुखत होतं काय रे?