चालकाचे लक्ष होते, पण तिथून दिसत नव्हते

ट्रक, डंपर किंवा बसखाली दुचाकीस्वार आल्याची बातमी वाचली, की तिच्यात एक वाक्य हमखास असते: चालकाचे दुर्लक्ष झाल्याने हा अपघात घडला. गुन्हाही त्याच धर्तीवर नोंदवला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली. बेदरकारपणे गाडी हाकणारे चालक नाहीत असे मी म्हणणार नाही, त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण सिग्नलवरून हळूहळू डावीकडे वळताना, माल उतरवून मागे घेताना, थांब्यावरून गाडी हलवताना, म्हणजे वेग नगण्य असताना जे अपघात होतात, त्यांतल्या कितीतरी वेळा चालकाचे लक्ष असते आणि त्याच्या आसनावरून ती व्यक्ती दिसतच नसते. दोष चालकाच्या नजरेत नसून त्याला दिलेल्या खिडक्या, आरसे आणि कॅमेरे यांच्यात असतो, आणि ते देण्याची जबाबदारी गाडी बनवणाऱ्याची, तिच्या मालकाची आणि तिला रस्त्यावर येण्याचा परवाना देणाऱ्या शासनाची आहे, हे माझे मत या पोस्टमध्ये थोडे विस्ताराने मांडतो.

आधी साधा हिशेब करून पाहू. मापे गाडीगणिक बदलतात, पण उदाहरणापुरते असे धरू, की उंच केबिनच्या ट्रकमध्ये चालकाचे डोळे जमिनीपासून २.४ मीटरवर आहेत आणि दारांच्या खिडक्यांचा खालचा काठ १.७५ मीटरवर आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या डोळ्यांपासून उजवी खिडकी अर्ध्या मीटरवर आणि डावी खिडकी जवळजवळ दोन मीटरवर असते. हेल्मेट घातलेल्या दुचाकीस्वाराचे डोके जमिनीपासून १.४ मीटरवर असेल, तर उजव्या बाजूला तो दारापासून पाऊण हातावर आला तरी त्याचे हेल्मेट चालकाला दिसते. डाव्या बाजूला मात्र दारापासून साधारण १ मीटरच्या आत आलेला तोच माणूस खिडकीच्या काठाखाली पूर्णपणे झाकला जातो. आपल्या शहरांतील रहदारीत दुचाकी ट्रकच्या डावीकडून जाते ती नेमकी या १ मीटरमधून. समोरच्या काचेचेही असेच आहे. केबिनच्या अगदी पुढ्यातून, बंपरला जवळजवळ चिकटून रस्ता ओलांडणारे शाळकरी मूल किंवा वाकून चालणारी म्हातारी व्यक्ती काचेतून दिसत नाही. ज्या उंचीमुळे चालकाला दूरचा रस्ता उत्तम दिसतो, तीच उंची जवळची माणसे त्याच्यापासून लपवते.

ही उणीव भरून काढण्यासाठी आरसे असतात. त्यांचेही गणित आहे. सपाट आरशात अंतराचा अंदाज बरोबर येतो, पण दिसतो तो अरुंद पट्टा. बहिर्गोल आरशात पुष्कळ भाग दिसतो, पण सगळे लहान आणि आहे त्यापेक्षा लांब वाटते. म्हणून एका आरशावर भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील ४६ क्रमांकाच्या नियमात मोठ्या वाहनांसाठी आरशांचे निरनिराळे वर्गच केलेले आहेत: मागचा रस्ता दाखवणारा मुख्य आरसा, बाजूचा विस्तृत भाग दाखवणारा, दाराच्या वर बसवून खाली जमिनीकडे पाहणारा आणि केबिनच्या नाकासमोरचा भाग दाखवणारा. आपल्याकडच्या नव्या गाड्यांत यांतील काही आरसे कारखान्यातूनच येतात. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांकडे नीट पाहिले तर डावा आरसा तडकलेला, तारेने बांधलेला, दांडी सैल होऊन खाली पाहणारा, किंवा मुळात नसलेलाच आढळतो. जो शाबूत असतो त्याच्यावर काळे गोंडे लोंबत असतात. काचेच्या वरच्या भागात झालर, मध्ये देवांच्या तसबिरी, खालच्या कोपऱ्यात स्टिकर, असे सगळे लावल्यावर कंपनीने दिलेल्या काचेतून पाहण्यासाठी जेमतेम निम्मी जागा उरते. गाडीवर श्रद्धा असणे मी समजू शकतो; पण देवाची जागा काचेवर नसून केबिनच्या आतल्या छताशी असावी, इतके म्हणण्याने कोणाच्या भावना दुखावू नयेत.

आरसा असणे आणि तो आपल्यासाठी लावलेला असणे यांतही फरक आहे. ठेक्यावर चालणाऱ्या गाडीवर आज एक चालक, उद्या दुसरा. एकाची उंची साडेपाच फूट, दुसऱ्याची सहा फूट. डावा आरसा आसनावर बसून हाताला येत नाही. तो फिरवायचा तर एकाने खाली उतरून धरायचा आणि दुसऱ्याने वर बसून सांगायचे. एकट्या माणसाने पहाटे चार वाजता गाडी काढायची असेल तर हे कोण करणार? आरसा कालच्या चालकाच्या डोळ्यांना लावलेला असतो, तसाच राहतो.

वळणावर परिस्थिती आणखी बिघडते. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने, कोपरा कापत जातात. म्हणून अनुभवी चालक आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला वाटते की डावीकडे जागा मोकळी झाली, आणि तो आत शिरतो. जोड-ट्रेलर असेल तर वळताना डाव्या आरशात ट्रेलरची भिंतच भरून राहते आणि ट्रेलरची उजवी बाजू पूर्णपणे दिसेनाशी होते. दुचाकी चालवणाऱ्यांनी मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे जाऊ नये, हे खरेच आहे आणि ते मीही प्रत्येकाला सांगतो. पण ज्याने आयुष्यात कधी ट्रकच्या केबिनमध्ये बसून पाहिलेले नाही, त्याला आपण अदृश्य झालो आहोत हे कळणार कसे? लंडनमध्ये पोलीस सायकलस्वारांना थांबवलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये चालकाच्या जागी बसवतात आणि आजूबाजूला काय दिसते व काय नाही ते दाखवतात. आपल्याकडे रस्ता सुरक्षा सप्ताहात घोषवाक्यांचे फलक आणि गुलाबाची फुले वाटली जातात. त्याऐवजी एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात एक रिकामा ट्रक उभा केला, डावीकडे दहा दुचाक्या लावल्या आणि मुलांना एकेक करून वर बसवले, तर मला वाटते त्याचा परिणाम कितीतरी अधिक होईल.

मागचा भाग हा वेगळाच विषय आहे, कारण मालवाहू गाडीत आतला आरसा असून उपयोग नसतो. मागे हौद्याची भिंत असते. ट्रकच्या पाठीवर रंगवलेला ‘हॉर्न ओके प्लीज’ हा मजकूर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये बंद करायला लावला, तो विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन देतो म्हणून. निर्णय योग्यच होता. मात्र तो मजकूर म्हणजे मला मागचे दिसत नाही, तुम्ही आवाजाने कळवा, अशी एक कबुलीही होती, आणि मजकूर पुसल्याने दिसू लागले असे काही झाले नाही.

याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण पाहायचे असेल तर गाळप हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर जावे. ट्रॅक्टरमागे एकामागोमाग दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला उसाचा ढीग, आणि पुढे त्या ढिगाच्या निम्म्या रुंदीचा ट्रॅक्टर. अशा ट्रॅक्टरला आरसे लावले असले तरी त्यांत ऊसच दिसणार. त्यात मोठ्या आवाजात गाणी लावलेली असली, की मागच्याचा हॉर्नही ऐकू येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते, ती चांगली आहे, कारण त्यामुळे मागच्याला ट्रॉली दिसते. पण ट्रॉलीवाल्याला मागचा दिसावा यासाठी लांब, बाहेर काढता येणाऱ्या दांडीचे आरसे लावण्याची मोहीम मी पाहिलेली नाही. अशा आरशाला फार मोठा खर्च येत नाही. कारखाने वाहतूकदारांशी करार करतात. त्या करारात ही एक अट घालणे त्यांना सहज शक्य आहे.

आता मागे घेण्याविषयी. आपल्याकडे या अडचणीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय होता, तो म्हणजे दुसरा माणूस. ट्रकला क्लीनर असे. तो खाली उतरून, मागे जाऊन, हौद्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणे, आणि थांबायचे तेव्हा जोरात दोनदा बडवी. एसटी फलाटावरून मागे घेताना वाहक खाली उतरून शिट्टी वाजवतो. बसस्थानकात बसच्या मागून सामान घेऊन, मुलांना ओढत जाणाऱ्या प्रवाशांची ये-जा पाहिली, तर त्या शिट्टीचे मोल कळते. हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे, फक्त खाली उतरलेला माणूस चालकाला आरशात सतत दिसत राहिला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम मोडला की मदतनीसच चाकाखाली येतो. पण गेल्या काही वर्षांत क्लीनर कमी होत गेले. एका माणसाचा पगार आणि भत्ता वाचतो म्हणून मालक एकट्या चालकावर गाडी पाठवतात. एसटीतही काही फेऱ्या विनावाहक चालतात. हा निर्णय आर्थिक आहे आणि त्यामागची अडचण मला मान्य आहे. परंतु दोन डोळे कमी करून जे पैसे वाचले, त्यांतील थोडे तरी त्या डोळ्यांच्या जागी काही बसवण्यासाठी खर्च व्हायला नकोत का? पूर्वी रिव्हर्स टाकला की सिनेमाच्या गाण्याची धून वाजवणारी यंत्रे गाड्यांना लावत असत. मागच्या माणसाला त्याने सावध केले जाई, पण ऐकू न येणारा वृद्ध आणि आवाजाचा अर्थ न कळणारे दोन वर्षांचे मूल यांच्यासाठी तिचा काय उपयोग?

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. तिथे २००२ मध्ये एका बालरोगतज्ज्ञाने घरासमोर आपली गाडी मागे घेताना त्याचा दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली आला. तो माणूस बेफिकीर नव्हता. गाडीच्या मागचा तो भाग आरशात येतच नव्हता. त्या मुलाच्या, कॅमेरॉन गल्ब्रॅन्सनच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला, आणि मे २०१८ पासून सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या नव्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीच्या मागे १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा दिसली पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र आले पाहिजे, इतक्या नेमकेपणाने तो नियम लिहिलेला आहे. दहा वर्षे लागली, पण चालकाने काळजी घ्यावी या उपदेशावर तो विषय संपला नाही. लंडनने जड ट्रकांच्या बाबतीत आणखी पुढे जाऊन, चालकाला आरशाशिवाय, थेट काचेतून किती दिसते यावर १२ टनांपेक्षा जड प्रत्येक ट्रकला शून्य ते पाच तारे दिले. ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या ट्रकला कॅमेरे आणि संवेदक बसवल्याशिवाय शहरात परवाना मिळत नाही. या अटीमुळे ट्रक बनवणाऱ्यांनाही डाव्या दाराच्या खालच्या भागात काच बसवण्याचा, केबिन खाली आणण्याचा विचार करावा लागला.

आपल्याकडे नव्या मोटारींना मागचे संवेदक जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले, आणि मार्च २०२५ मध्ये केंद्राने मोठ्या बस व ट्रकांसाठी बाजूच्या अदृश्य भागाची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा मसुदा काढला. दिशा बरोबर आहे. माझ्या दोन शंका आहेत. पहिली, हे सारे नव्या गाड्यांसाठी आहे, आणि आपल्या रस्त्यांवर ट्रक पंधरा-वीस वर्षे धावतो. दुसरी, परदेशातील शिस्तबद्ध रहदारीसाठी बनवलेला भोंगा आपल्या रस्त्यावर चारही बाजूंनी दुचाक्या असताना सतत वाजत राहील, आणि आठवडाभरात चालक त्याची वायर काढून टाकेल. त्यापेक्षा पडद्यावर चित्र दाखवणारा साधा कॅमेरा, एक मागे आणि एक डाव्या बाजूला, मला अधिक भरवशाचा वाटतो. त्यालाही मर्यादा आहेत. पावसाळ्यात खाली बसवलेल्या भिंगावर चिखल उडतो, रात्री दिव्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून तो उंचावर बसवावा आणि डिझेल भरताना काच पुसतो तसे भिंगही पुसावे.

ज्यांच्याकडे एसयूव्ही आहेत त्यांच्यासाठी एक छोटी, फुकटची गोष्ट. जॉर्ज प्लॅटझर या अमेरिकन अभियंत्याने १९९५ मध्ये आरसे लावण्याची एक रीत मांडली. डोके उजव्या खिडकीला टेकवून उजवा आरसा असा फिरवायचा, की आपल्या गाडीची बाजू जेमतेम दिसावी. मग डोके गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावायचा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते. पण मागून येणारे वाहन आतल्या आरशातून निघताच बाहेरच्या आरशात येते. ही रीत वेगाच्या महामार्गासाठी उत्तम, गल्लीबोळात अडचणीची. आणि मागच्या आसनावर छतापर्यंत बॅगा रचल्या तर कोणतीच रीत उपयोगाची नाही.

जड वाहनांबाबत मात्र चालकाच्या समजुतीवर सोडून चालणार नाही. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी प्रत्येक व्यावसायिक वाहनाचे पासिंग होते. तिथे आरसा आहे की नाही एवढेच न पाहता त्यातून काय दिसते ते पाहावे. पासिंगच्या मैदानावर एक चौकोन आखून डावीकडे, पुढे आणि मागे ठरावीक जागी कमरेइतक्या उंचीचे शंकू ठेवावेत, चालकाला आसनावर बसवावे आणि कोणते शंकू दिसतात ते विचारावे. जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी मालकाने आरसा किंवा कॅमेरा बसवावा आणि मगच प्रमाणपत्र न्यावे. या तपासणीला यंत्र लागत नाही, चुन्याच्या रेघा आणि सात-आठ शंकू पुरतात.